एक हजार तीन संचांचा मनोरा

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार झोपडी म्हणतात आणि ग्रंथकार विश्वकर्मा लेणे म्हणतात, स्तूपाच्या दर्शनी भागी पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धाच्या मुखावर मार्च महिन्यातील मोजक्या सायंकाळी गवाक्षातून आलेली मावळतीची किरणे विसावतात. आणि आमच्या शहरालगतच्या पडेगावावरून जाणारा रस्ताच पुढे दौलताबादचा घाट चढून वेरूळला पोहोचत असल्यामुळे आमच्या भागातील पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक असते. १९७४ साली नाम जून पाइक या कोरियन कलावंताने न्यूयॉर्कच्या एका कलादालनात एक जुनी बुद्धमूर्ती दूरचित्रवाणी संचासमोर बसविली आणि संचापाशी ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली मूर्तीची प्रतिमा तत्क्षणी त्याच संचावर उमटेल अशी तजवीज केली. ‘टीव्ही बुद्ध’ या नावाने ही कृती पुढे जगभर प्रसिद्धी पावली. मुंबईत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, म्हणजे आपल्याकडे त्या यंत्राचे कौतुकही अजून ओसरले नव्हते, तेव्हा हा मनुष्य त्याच यंत्राला चिंतनाला बसवीत होता. वेरूळच्या शिल्पींनी प्रकाशाची योजना पाषाणात कोरली आणि ती बाराशेहून अधिक वर्षांनंतरही बिनतक्रार चालते. पाइकची योजना मात्र कॅमेरा, तारा, पिक्चर ट्यूब आणि ती दुरुस्त करू जाणणारा कुणी कारागीर यांच्या आयुष्याशी जखडलेली आहे. चलच्चित्रकलेच्या जतनाचे काम मी करते, आणि या दोन बुद्धांमधील हा भेद हाच माझ्या विद्येचा विषय आहे.

पाइक १९३२ मध्ये सोलमध्ये जन्मला. कोरियन युद्धाच्या धामधुमीत, १९५० मध्ये, त्याचे कुटुंब देश सोडून गेले. टोकियो विद्यापीठात त्याने शोएनबर्गच्या संगीतावर प्रबंध लिहिला आणि पुढील संगीताध्ययनासाठी तो जर्मनीत गेला. तेथे वुपरटाल या गावी मार्च १९६३ मध्ये त्याने अंतर्रचना बदललेले दूरचित्रवाणी संच मांडून जे प्रदर्शन भरविले, त्याला व्हिडिओ-कलेच्या इतिहासात आरंभबिंदूचे स्थान आहे. १ जानेवारी १९८४ रोजी न्यूयॉर्क आणि पॅरिस उपग्रहाने जोडून त्याने एक थेट कार्यक्रम सादर केला, जो कोरियातही पाहिला गेला, आणि त्याच वर्षी चौतीस वर्षांनंतर तो मायदेशी परतला. या क्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. त्याची कला आधी परदेशात दिसली, मग उपग्रहाच्या वाटेने घरी आली, आणि देह सर्वांत शेवटी आला. १९९३ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात हान्स हाकेसमवेत सुवर्णसिंह मिळविणारे दालनही जर्मनीचेच होते.

कोरियाची व्हिडिओ-कला म्हणजे केवळ पाइक, असा समज आपल्याकडील जाणकारांतही आढळतो आणि तो दूर केला पाहिजे. सोलमध्ये किम कु-लिम याने १९६९ मध्येच एका सेकंदाच्या चोविसाव्या भागाचे नाव धारण करणारा लघुचित्रपट केला होता, ज्यात वेगाने उभे राहणारे शहर आणि त्या वेगात कंटाळलेला माणूस यांचे तुकडे एकमेकांवर आदळत राहतात. १९७४ मध्ये हान ओक-ही आणि तिच्या मैत्रिणींनी काइदू क्लब या नावाने स्त्रियांचे प्रयोगशील चित्रमंडळ काढले. पार्क चुंग-ही यांची लष्करी राजवट आणि तिची कडक सेन्सॉरशिप लक्षात घेतली म्हणजे त्या धाडसाचे मोल कळते. देगू शहरातील पार्क ह्यून-की (१९४२–२०००) हा मात्र मला विशेष जवळचा वाटतो. नदीतल्या गोट्यांची रास रचून त्या राशीत तो एक संच असा बसवी की त्याच्या काचेवर दगडाचेच चित्र दिसावे, आणि खरा दगड कोठे संपतो व प्रतिमेचा दगड कोठे सुरू होतो याचा निवाडा पाहणाऱ्याने करावा. १९७९ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात त्याने आपले काम मांडले. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या डोंगरवाटांवर घर व्हावे म्हणून भाविक दगडावर दगड रचतात, तशी नवसाची रास कोरियातही वाटसरू रचतात; म्हणून ब्राझीलच्या प्रेक्षकाला जे कोडे वाटले असेल ते मराठवाड्यातील प्रेक्षकाला अर्धे आधीच उलगडलेले असेल, असे मला खात्रीपूर्वक वाटते. न्यूयॉर्कच्या गुग्गेनहाइम संग्रहालयाने या पिढीच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरविले ते २०२३ मध्ये, म्हणजे अर्ध्या शतकाच्या विलंबाने.

सोल ऑलिंपिकच्या वर्षी, १९८८ मध्ये, ग्वाचॉन येथील राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या मधल्या वर्तुळाकार दालनात पाइकने एक हजार तीन दूरचित्रवाणी संचांचा, सुमारे साडेअठरा मीटर उंचीचा, पॅगोड्याच्या घाटाचा मनोरा उभारला. संख्या एक हजार तीन अशासाठी, की १० वा महिना, ३ री तारीख हा कोरियाचा राष्ट्रस्थापनेचा दिवस. पिक्चर ट्यूब ही निसर्गतः झिजणारी वस्तू आहे. तिच्यातील फॉस्फरचा लेप मंदावतो, तापलेल्या तारेचे आयुष्य सरते, आणि असे हजार संच एका सांगाड्यात तासन्‌तास तापत राहिले की आगीचे भयही उत्पन्न होते. सुरक्षिततेच्या तपासणीनंतर २०१८ च्या फेब्रुवारीत मनोरा बंद करण्यात आला. पुढे काय करावे याविषयी जो विचारविनिमय झाला तो आमच्या क्षेत्रातील अत्यंत प्रामाणिक विचारविनिमयांपैकी एक मी मानते. सर्व संच काढून सपाट नवे पडदे लावणे स्वस्त आणि टिकाऊ होते. परंतु काचेचा फुगीर पृष्ठभाग, तिच्या कडांशी चित्राला येणारा किंचित बाक आणि किरणरेषांची थरथर हे सगळे पाइकच्या काळाचे शरीर होते, आणि ते टाकून दिले असते तर मनोऱ्याचे नाव तेवढे उरले असते. उलट प्रत्येक नळी जुनीच हवी असा हट्ट धरावा, तर तशा नळ्यांचे उत्पादनच जगात थांबलेले. अखेर सातशे सदतीस संच जुन्याच जातीचे ठेवायचे, त्यांसाठी वापरलेले संच हुडकून दुरुस्त करायचे, आणि वरच्या भागातील जे लहान संच कोठेच मिळेनात असे दोनशे सहासष्ट तेवढे एलसीडीने बदलायचे, पण बाह्य रूप कायम राखायचे, असा निर्णय झाला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. या निर्णयावर टीका झाली तरी मी त्याच्या बाजूची आहे. जे बदलले ते उघडपणे बदलले, किती बदलले याची नोंद सरकारदप्तरी रुजू झाली, आणि पुढच्या पिढीला वेगळा निर्णय घेण्याची मोकळीक राहिली. जतनाच्या कामात याहून अधिक सचोटी मागता येत नाही.

आता मुंबईकडे वळू. नेहरू फेलोशिपच्या पैशातून अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये नेपियन सी रोडवरील आपल्या घरी चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांच्यासाठी एक कार्यशाळा उघडली. तेथे कोवळ्या वयाच्या नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्यावर पहिले प्रयोग केले, आणि पदमसींनी स्वतः दोन चित्रपट केले. पैकी रेघा आणि बिंदूंच्या गणिती विस्ताराचा मूकपट ‘सिझिजी’ आज उपलब्ध आहे. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्याची एकमेव प्रत हरवली. दुसरी प्रत नाही, मूळ निगेटिव्ह नाही, तपशीलवार टिपण नाही. आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या स्मृतीचा आधार घेऊन २०१६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला, आणि तो अतिशय हृद्य आहे, तरी तो हरवलेल्याचा शोक आहे, हरवलेली वस्तू नव्हे. पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) मात्र बचावला, याचे श्रेय मी त्या सरकारी खात्याच्या फायलींना आणि भांडारनोंदींना आदराने देते. कलेच्या इतिहासात कारकुनाच्या नोंदवहीचे उपकार फार मोठे आहेत.

मलानींची पुढील वाटचाल परदेशी प्रेक्षकांना आपल्याकडच्यापेक्षा अधिक परिचित आहे. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी मंटोच्या कथेचे स्मरण ठेवून जी व्हिडिओ-मांडणी केली, तिच्यात संच पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले होते. फाळणीत जिने एखादी ट्रंक उचलून घर सोडलेले पाहिले आहे अशा पिढीला त्या ट्रंकांचा अर्थ सांगावा लागत नाही. कॅसलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात २०१२ मध्ये त्यांचे काम होते आणि २०२३ चा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला.

कोरिया आणि महाराष्ट्र यांचा साक्षात संबंध मात्र शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांच्या ‘कॅम्प’ या मुंबईच्या कलासंघाने जोडला. कच्छच्या आखातातून लाकडी गलबतांवर शारजा आणि सोमालियापर्यंत जाणाऱ्या खलाशांनी आपापल्या मोबाइलवर जे चित्रण केले आणि ज्यावर आवडती गाणी चढवली, त्यातून या संघाने २०१३ मध्ये एक दीर्घ चित्रपट गुंफला. खार परिसरातील चुईम गावठाणाच्या आपल्या गच्चीवर ते चित्रपट दाखवतात, आणि ‘पॅड.मा’ या सार्वजनिक चित्रसंग्रहाच्या उभारणीत २००८ पासून त्यांचा मोठा वाटा आहे. पाइकच्या नावाने योंगइन येथे उभ्या असलेल्या कलाकेंद्राने २०२० चा आपला पुरस्कार याच संघाला दिला. नोंद ठेवणे हेच कलाकर्म मानणाऱ्या मुंबईकरांचा गौरव पाइकच्या घराने करावा यात मला मोठे औचित्य दिसते.

आमच्या शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, परभाषेतील चित्रपट शेवटपर्यंत पाहणारा प्रेक्षक येथे आहे, आणि कोरियाहून बौद्ध यात्रेकरू पडेगावच्या त्याच वाटेने लेण्यांकडे जातात. तेव्हा एक सायंकाळ कोरियन प्रयोगशील चित्रपटांसाठी राखून ठेवावी अशी माझी सूचना आहे. आरंभी किम कु-लिमचा लघुचित्रपट दाखवावा आणि लगेच पतींचा ‘एक्सप्लोरर’, कारण एका वर्षाच्या अंतराने, एकमेकांची वार्ताही नसताना, दोन्ही शहरांच्या तरुण डोळ्यांना एकच वेग असह्य झाला होता, हे तेव्हा आपोआप दिसेल; मग हान ओक-हीचे काम, आणि अखेरीस, दिवे लावून, पार्कची एखादी दगडांची मांडणी, जिला गोटे देगूहून आणावे लागू नयेत, आमच्या खाम नदीच्या पात्रातले चालावेत, अशी परवानगी त्याच्या वारसांकडे रीतसर मागावी. करारनाम्यासोबत कोणता संच वापरला, तो कोणत्या सालचा, काय बदलले आणि कुणाच्या संमतीने बदलले याची मराठीतून लिहिलेली याददाश्त जोडावी, आणि तिची एक प्रत सोलला, एक मुंबईला व एक आमच्या शहरातील एखाद्या ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल करावी.