साडीतली मेरीमाता

घर सोडून दुसऱ्या मुलखात स्थिरावलेल्या कलावंताविषयी लिहिताना समीक्षेत ‘दुभंग’ हा शब्द फार सहजपणे येतो. अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांची चित्रे पाहताना तो शब्द आम्हांला अपुरा वाटतो.

गोव्यातील सांत इस्तेव येथे जन्मलेले फोन्सेका मुंबईतील वैद्यकीचे शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले. पुढे बंगालमध्ये त्यांना अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन लाभले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मेरीमाता रंगवली ती साडी नेसलेली, सावळी. तेथील धर्ममंडळींना ती रुचली नाही. फोन्सेका पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे त्यांच्यासाठी पुणे हा अक्षरशः परमुलूख होता.

येथला विपर्यास ध्यानी घेण्याजोगा आहे. युरोपातून जहाजाने आलेली गोरी मेरी चार शतकांच्या सहवासाने गोव्याची ‘आपली’ झाली होती. शेजारणीसारखी दिसणारी मेरी मात्र परकी ठरली. आपले-परके उगमावरून कमी आणि सवयीवरून अधिक ठरते, असा याचा अर्थ. गावची स्त्री रंगवण्यासाठी या चित्रकाराला गावच सोडावे लागले. त्यांच्या जलरंगांत अमुक युरोपीय, अमुक भारतीय अशी वाटणी आम्हांला करता येत नाही. श्रद्धाही घरची, साडीही घरची. वाटणी असते ती पाहणाऱ्याच्या नजरेत.

उत्रोलीत राहून मराठी शिकवणाऱ्या आम्हांला ही गोष्ट चित्रकलेपुरती वाटत नाही. येथली मुले भोरला, पुढे पुण्याला शिकायला जातात. वर्गात ज्ञानेश्वरीतले अनोळखी रूप आले, की शिक्षक थांबून आदराने त्याची उकल करतात. त्याच वर्गातली मुलगी ‘व्हतं’ म्हणाली, की ते अशुद्ध ठरते. हळूहळू ती घरची भाषा उंबऱ्याआत ठेवून येऊ लागते.

प्रमाणभाषा तिला हवीच; तिच्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. पण त्यासाठी घरची बोली परकी ठरवणे खरोखर अपरिहार्य आहे काय? फोन्सेकांना आश्रमात जागा मिळाली. आपल्या वर्गांत तशी जागा किती आहे?