मैदानावरचा चहा आणि अकरा भाँड

साडूंच्या मुलीच्या निकाहसाठी गेल्या जुलैत कोलकात्याला जाणे झाले. निकाह शुक्रवारी होता आणि परतीची गाडी सोमवारची. मधल्या दोन दिवसांत घरच्या मंडळींनी खरेदीचा बेत आखला. मी मात्र कोल्हापूरचा. फुटबॉलचा मोसम सुरू झाला की आमच्याकडे पेठापेठांतून झेंडे लागतात आणि शाहू स्टेडियमकडे गर्दीची रीघ लागते. कोलकात्यात येऊन मैदान पाहिले नाही, असे गावी सांगायची सोय नव्हती.

इथे ‘मैदान’ हे एका जागेचेच नाव आहे. फोर्ट विल्यम किल्ल्याभोवती पसरलेली ही हिरवी मोकळी जमीन आजही लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे जुन्या क्लबांच्या कचेऱ्यांना अजूनही ‘टेंट’च म्हणतात. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिघांची घरे इथेच. ज्या रेड रोडवर ईदची मोठी नमाज होते, तो रस्ताही याच मैदानातून जातो.

शनिवारी दुपारी पाऊस नुकताच थांबला होता. मोहम्मडनच्या मैदानावर लीगचा सामना पाहिला. बाहेर पडताना चहाच्या टपरीजवळ चार-पाच जणांचा आवाज चढलेला दिसला. मला वाटले, आता हातघाईवर येणार. जवळ जाऊन पाहतो तर एका दाढीवाल्या चाचांनी बाकावर मातीचे अकरा रिकामे कप मांडले होते. या कपांना इथे ‘भाँड’ म्हणतात. वाद होता संघ कसा उभा करावा याचा!

मी सलाम केला, कोल्हापूरहून आलोय म्हणालो. चाचांनी सरकून जागा दिली. ‘‘बैठिए भाईसाहब, आप ही बताइए, तीन पीछे रखें या चार?’’

चाचा खिदिरपूरचे, तीन पिढ्यांपासून मोहम्मडनचे. त्यांच्या शेजारचे दादा ईस्ट बेंगॉलचे आणि चष्मेवाले मास्तर मोहन बागानचे. वाद सुरू होता १९९७ चा. २५ वर्षांहून जुना सामना, पण बोलणे असे, जणू कालच झाला!

त्या वर्षी मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ‘डायमंड’ रचना आणली होती. मास्तरांनी मधले चार कप हिऱ्याच्या आकारात ठेवून दाखवले. एक मागे, एक पुढे, दोन बाजूंना. चेंडू मिळाला की सगळ्यांनी मिळून पुढे तुटून पडायचे. फेडरेशन कपात या रचनेने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा धुव्वा उडवला आणि सारे शहर हिऱ्याचीच भाषा बोलू लागले. उपांत्य सामन्यात समोर ईस्ट बेंगॉल. त्यांचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. १३ जुलै १९९७, सॉल्ट लेक स्टेडियम, प्रेक्षक सुमारे १,३१,०००. त्याआधी दत्तबाबूंनी बायचुंग भुतियासकट समोरच्या खेळाडूंची नावे मोडून जाहीर थट्टा केली होती. पी. केंनी तीच थट्टा आपल्या पोरांना चेतवायला वापरली.

‘‘आणि मग?’’ मी विचारले.

दादांनी बोटाने एक कप उचलून हिऱ्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेत ठेवला. ‘‘मग हे. सगळे पुढे गेले की मागे घराचं दार उघडं. बायचुंगचे तीन गोल. ४-१.’’

मास्तर उसळले. ‘‘रचना चुकीची नव्हती! पुढे गेलेल्यांनी परत धावायला हवं होतं, ते धावले नाहीत.’’

‘‘माणसं दमतात हे ज्या रचनेला ठाऊक नाही, ती रचना कसली?’’ चाचा म्हणाले.

शेवटी तो कप ना यांना मिळाला ना त्यांना. तो गोव्याच्या साळगावकर संघाने नेला. हे मी सांगताच तिघेही एकदम हसले.

मग चाचांची पाळी आली. १९३४ साली मोहम्मडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली. तो मान मिळवणारा हा पहिला भारतीय क्लब. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती त्यांच्याकडेच राहिली. त्या काळात आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या जमिनीवर ते गोऱ्या पलटणींना भारी पडत, पण पावसात पाय घसरत. मोहम्मडनने ओल्या मैदानावर खेळाडूंना बूट घालायला लावले. ‘‘चाल नंतर,’’ चाचा म्हणाले, ‘‘आधी पाय जमिनीवर ठरले पाहिजेत.’’ त्याच संघातला मोहम्मद सलीम १९३६ साली स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून पायांना पट्ट्या बांधून, अनवाणी खेळला.

मी हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव काढले. तिघांनीही मान लवून ‘रहीमसाहब’ म्हटले. या बाबतीत मतभेद नव्हता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नैल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना बसवून ठेवले नाही, पुढच्या फळीत आणले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध एक गोल पी. केंनी केला, दुसरा याच जर्नैल सिंगांनी. २-१, सुवर्णपदक. रहीमसाहेब तेव्हा स्वतः आजारी होते. पुढच्याच वर्षी कॅन्सरने ते अल्लाहला प्यारे झाले.

असर झाली होती. मी उठू लागलो, तेव्हा चाचांना विचारले, ‘‘इतकं भांडता, मग रोज एकत्र चहा कसा पिता?’’

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘१६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्स. मैं वहीं था.’’ त्या दिवशी मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉलच्या सामन्यात स्टँडमध्ये मारामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली. १६ प्रेक्षक गेले. खेळ बघायला घरून निघालेली माणसे. ‘‘तेव्हापासून आमचा नियम आहे. भांडायचं ते कपांवर. माणसावर नाही.’’

त्या वाक्याने मला माझे घर आठवले. दोन वर्षांपूर्वी माझे भाईजान आमच्या भागातल्या पोरांचा संघ सांभाळत होते. एका सामन्यात त्यांनी सगळी पोरे पुढे पाठवली आणि आम्ही शेवटच्या दहा मिनिटांत हरलो. मी चारचौघांत म्हणालो, ‘‘भाईजान, तुम्हाला खेळ कळत नाही.’’ मला बोलायचे होते रचनेवर, बोललो माणसावर. त्यांनी संघ सोडला. ईदला गळाभेट व्हायची, पण फुटबॉलचा शब्द निघत नसे. आमच्यात फुटबॉल सोडून दुसरे बोलणे तरी काय होते?

मगरिबची नमाज धर्मतल्ल्याच्या टिपू सुलतान मशिदीत पढलो. टिपूंचे धाकटे शहजादे गुलाम मोहम्मद यांनी १८४२ मध्ये ती बांधली. बाहेर दिवे लागले होते, ट्रॅफिकचा गोंगाट होता. पायऱ्यांजवळ उभा राहून मी कोल्हापूरला फोन लावला.

‘‘भाईजान, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही मागे तीनच का ठेवले?’’

पलीकडे शांतता. वाटले, फोन कट झाला.

‘‘चौथा पोरगा तापाने फणफणला होता,’’ भाईजान म्हणाले. ‘‘कुणाला सांगू नको म्हणाला होता, बाहेर बसवाल म्हणून. त्याला धावायला लावण्यापेक्षा पुढे उभा केला.’’

मला काही बोलता येईना. दोन वर्षांत हा एक प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता.

‘‘पण तरी,’’ त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला, ‘‘मधला एक मागे खेचायला हवा होता. तुझं तेवढं बरोबर होतं.’’

‘‘नाही भाईजान, मधला खेचला असता तर...’’

त्यानंतर पाऊण तास आम्ही भांडत होतो. घरची मंडळी खरेदी आटोपून आली तरी माझा फोन चालूच होता. माझ्या पिशवीत चाचांनी दिलेला एक भाँड होता. तो आता भाईजानांच्या कपाटात आहे.