निकष आणि जंबुपार दिवा

'निकष' हा शब्द समीक्षेत आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो मुळात एक दगड आहे याचा विसर पडतो: सोने घासून त्याचा कस पाहण्याचा काळा दगड. खटाव-खानापूरकडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेल्या कुटुंबांत मात्र हा शब्द आणि ही वस्तू एकमेकांपासून फारशी दुरावलेली नाहीत.

रत्नांच्या बाबतीत हा दगड निरुपयोगी. तेथे जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांचा दिवा लागतो. हे किरण आपल्याला दिसत नाहीत; काही खडे ते शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात आणि त्यांचा रंग पालटल्यासारखा वाटतो. जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली या गुणाला फ्लोराइट या खनिजावरून इंग्रजी नाव दिले. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो.

आजीकडून आईकडे आलेली माणकाची अंगठी मोडायची की ठेवायची, असा प्रश्न घरात निघाला, तेव्हा वडूजच्या एका सराफाने ती अशा दिव्याखाली धरली. खडा निखाऱ्यासारखा पेटला. आई हरखली, सराफ मात्र गप्प राहिला. माणिक पेटते ते त्यातल्या क्रोमियममुळे, आणि लोहाचे प्रमाण वाढले की ही दीप्ती विझते. म्यानमारच्या संगमरवरातले, लोह कमी असलेले माणिक झळाळते. थायलंडच्या बेसॉल्टच्या प्रदेशातले अस्सल माणिक बहुधा मंदच राहते. व्हर्न्यूलने १९०२ साली जाहीर केलेल्या पद्धतीने भट्टीत घडवलेले माणिक तर कित्येकदा सर्वांत तेजस्वी दिसते. सराफाने भिंग लावले. खड्याच्या आत वक्र रेषा होत्या. भूगर्भात वाढलेल्या स्फटिकातल्या वाढीच्या रेषा सरळ असतात. खडा भट्टीतला होता.

"सासूबाईंनी दिली तेव्हा ती खरीच होती," एवढेच आई म्हणाली आणि तिने अंगठी परत बोटात घातली.

दिवा खोटे बोलला नव्हता. क्रोमियम आहे, लोह फारसे नाही, इतकेच त्याने सांगितले. जन्मस्थानाविषयी त्याला विचारणेच व्यर्थ होते. एखाद्या सिद्धान्ताच्या उजेडात कविता लखलखली की आपण तिला थोर ठरवतो आणि जी काळोखी राहते ती बाजूला सारतो. त्या वेळी आपल्या दिव्याने नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे तपासायला हवे. आणि आईच्या वाक्याला लागू पडेल असा निकष समीक्षेजवळ आहे का, हेही.