गोड्या पाण्याचा टँकर

त्या पोराला कामावरून काढलं, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पोरगा आमच्या अंबड तालुक्यातला, आयटीआय झालेला. मीच त्याला हेल्पर म्हणून लावून घेतलं होतं. मी विमान दुरुस्तीतला लायसन्सवाला इंजिनिअर. किनाऱ्याचं आणि कंपनीचं नाव घेत नाही.

विमान सेसना कॅरॅव्हॅन. खाली दोन लांबलचक फ्लोट आणि त्या फ्लोटमध्येच चाकं. पाण्यावर उतरताना चाकं वर, धावपट्टीवर उतरताना खाली. पायलटसमोर चार निळे दिवे, चार हिरवे; निळे पाण्यासाठी, हिरवे जमिनीसाठी. चाकं वर असताना धावपट्टीवर टेकलं तर फ्लोटची तळपट्टी घासते, माणसं बहुधा सुखरूप राहतात. चाकं खाली असताना पाण्यावर टेकलं तर विमान नाकावर उलटतं. म्हणून आमचा सगळा जीव त्या निळ्या दिव्यांत.

या चाकांचा वैरी मीठ. पुढचं चाक फ्लोटच्या नाकातल्या रुळांवर सरकत वर जातं. तिथं खारं पाणी साचलं की ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं. उपाय एकच. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवायचं, मग ग्रीसगन लावून जुनं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत भरायचं. पोरगा हे मन लावून करायचा. सुरुवातीला मला ते वाहून जाणारं पाणी बघवत नसे. २०१३च्या उन्हाळ्यात जालन्यात टँकरमागे हंडे घेऊन पळालेला माणूस मी. पण नंतर त्याच पाण्यासाठी मी भांडायला लागलो.

कारण कंपनीनं खर्च कमी करायला घेतला. बेसवर नळ नव्हता, गोडं पाणी टँकरनं यायचं. रोजचा टँकर दिवसाआड झाला, मग त्याहून कमी. मी लेखी कळवलं. उत्तर आलं, ग्रीस जास्त वापरा. खाऱ्या रुळांवर ग्रीस चोपडणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

व्हायचं ते झालं. धावपट्टीवरून उडाल्यावर पायलटनं चाकं वर घेतली, तर तीनच निळे. डाव्या फ्लोटचं पुढचं चाक मध्येच अडकलेलं. पायलटनं चाकं परत खाली घेतली, नशिबानं चार हिरवे लागले, उतरला. कुणाला खरचटलंही नाही.

विमान जॅकवर घेऊन रूळ उघडले. मी सगळ्यांना बोटानं दाखवलं: वर ताजं ग्रीस, खाली मिठाचा थर आणि गंज. ग्रीस भरलंच नसतं तर हे असं दिसलं असतं का? फोटो काढले, टँकरच्या पावत्या जोडल्या. बैठकीत पावत्यांचा विषय निघाला की साहेब म्हणत, "ते नंतर बघू." ते नंतर आलंच नाही. अहवालात आलं, 'ग्रीसिंगमध्ये निष्काळजीपणा'. मी सही नाकारली, तर दुसऱ्याची घेतली. टँकर कमी करणाऱ्याचं नाव त्या कागदात कुठंच नाही, हेल्परचं मात्र आहे. पोराला दुपारी बोलावून हिशोब हातात दिला. त्यानं मला एवढंच विचारलं, "दादा, पाणी नव्हतं हे त्यांना माहीत होतं ना?"

आपल्याकडे अशा विमानांची उद्घाटनं दणक्यात होतात. २०१४ला जुहूहून पवना धरण, २०१७ला गिरगाव चौपाटीवरची चाचणी. ३१ ऑक्टोबर २०२०ला साबरमती ते केवडिया सुरू झालं आणि नोव्हेंबर संपायच्या आत ते विमान देखभालीसाठी मालदीवला न्यावं लागलं. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जिथं देखभालीची सोय आहे तिथंच विमान न्यावं लागतं. पुढच्या वेळी फीत कापणाऱ्यांना कुणीतरी विचारावं, विमान धुणार कुठं, आणि जॅकवर चढवून चाकं वरखाली करून बघणारा माणूस कोण? धरणाचं पाणी गोडं, तिथं मिठाचा जाच नाही. पण ग्रीस आणि तपासणी तिथंही चुकत नाही.

पोरगा आता जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलला आहे. दुसरीकडे शब्द टाकतो म्हटलं, तर नको म्हणाला. आपल्या पोरांनी या लाइनीत येऊच नये, असं मी तेव्हा घरी सगळ्यांना सांगत होतो. परवा त्याचाच धाकटा भाऊ लायसन्सच्या परीक्षेचं विचारायला आला. मी माळ्यावरची पुस्तकं काढून दिली आणि हायड्रॉलिक्सपासून सुरू कर म्हटलं.