ध्वजाची घडी

ध्वज वर चढताना पाहणारे पुष्कळ असतात. तो उतरवून त्याची घडी होताना पाहणारे विरळा. पंधरा ऑगस्टच्या सकाळी शाळेच्या पटांगणात सारा गाव लोटतो. सायंकाळी त्याच पटांगणात शिपाई, एखादा शिक्षक आणि रेंगाळलेली चारदोन मुले एवढाच समुदाय उरतो. अध्यापनाच्या चौतीस वर्षांत हा सायंकाळचा विधी बहुतेक आमच्याच वाट्यास आला. त्यामुळे फडकणाऱ्या ध्वजापेक्षा घडी केलेल्या ध्वजाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस थोडाबहुत आहे, असे आम्ही समजतो.

२६ जानेवारी २००२ पासून अमलात आलेल्या भारतीय ध्वजसंहितेत एक मार्मिक नियम आहे. ध्वज चढवावा तो त्वरेने, आणि उतरवावा तो सावकाश व समारंभपूर्वक. मनुष्यस्वभाव याच्या नेमका उलट चालतो. आरंभी तो रेंगाळतो आणि आटोपताना घाई करतो. उत्साह कोणास शिकवावा लागत नाही. सावकाशपणा मात्र शिकवावा लागतो. नियमकर्त्यांनी तो शिकवण्यासाठी उतरत्या ध्वजाची निवड केली, हे आम्हांस फार योग्य वाटते.

आता प्रत्यक्ष घडीकडे वळू. ‘हर घर तिरंगा’ या उपक्रमाच्या निमित्ताने केंद्र शासनाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने तिची रीत लोकांसमोर ठेवली. प्रथम ध्वज आडवा धरावा. केशरी व हिरवा हे दोन्ही पट्टे मधल्या पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडावेत. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी अशा बेताने दुमडावा की, अशोकचक्र तेवढे वर राहावे आणि त्याच्या अंगास केशरी व हिरव्या रंगांचा काही भाग दिसावा. ही घडी तळहातांवर किंवा बाहूंवर घेऊन जपून ठेवावयाची असते. ती काखोटीस मारावयाची नसते.

मोठ्या ध्वजाची ही घडी एकट्याच्या हातून नीट होत नाही. घरातील दोघी लुगड्याची घडी घालण्यास समोरासमोर उभ्या राहतात, तसेच येथे दोघांना उभे राहावे लागते. एकाने अधिक ओढले की चक्र मध्यापासून सरकते. एकाने हात ढिला सोडला की पट्टा भुईला टेकू पाहतो, आणि ध्वजाने भूमीस स्पर्श करता कामा नये असा तर दंडक आहे. शाळेत दिवसभर आम्ही मास्तर आणि समोरचा तो शिपाई; पण त्या पाच मिनिटांत दोघांनी सारखीच पावले टाकावी लागत. मुलांनी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समता वाचली होती. ती आम्ही बोलून दाखवली नाही. त्यांना त्या वेळी दिसली असेल, अशी आशा आहे.

या घडीचा अर्थ काय, असे कोणी विचारील. रंगांचे अर्थ सर्वश्रुत आहेत. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने हा ध्वज स्वीकारला, त्या प्रसंगी डॉ. राधाकृष्णन यांनी केशरी रंगाने त्याग, पांढऱ्याने सत्याचा प्रकाश, हिरव्याने भूमीशी असलेले नाते आणि चक्राने धर्म व गती सूचित होते, असे विवरण केले होते. घडीचे असे विवरण कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. पण चोवीस आऱ्यांचे ते चक्र शेवटपर्यंत झाकले जात नाही, ही गोष्ट डोळ्यांनाच दिसते. ध्वज विसावतो, चक्र जागे राहते. यापलीकडे भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो.

आवरण्याचे कारण आहे. अमेरिकेत राष्ट्रध्वजाची घडी त्रिकोणी असते. प्रघाताप्रमाणे ती तेरा वेळा दुमडतात आणि अखेर निळ्या भूमीवरील तारे तेवढे वर राहतात. या तेरा दुमडींना तेरा अर्थ चिकटले आहेत. पहिली जीवनाची, दुसरी मरणोत्तर जीवनावरील श्रद्धेची, अशी ती मालिका समारंभात वाचली जाते. तेथील ध्वजसंहितेत मात्र यांपैकी एकाही अर्थाचा उल्लेख नाही. मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असा भेद केला आहे. अमुक करावे असे सांगतो तो विधी. त्याची प्रशंसा करून मनुष्यास तिकडे वळवतो तो अर्थवाद. अमेरिकेतील तेरा अर्थ हा अर्थवादच होय. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही, कारण शोकाकुल मनाला त्याचा आधार होतो. परंतु अर्थवाद पाठ झाला आणि विधी सुटला, असे होऊ नये.

विधी म्हणजे काय, हे आम्ही सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात पाहिले. आमचा एक जुना विद्यार्थी सीमेवर कामी आला होता. नियमाप्रमाणे ध्वजाची केशरी बाजू त्याच्या मस्तकाकडे होती. ध्वज चितेवर जाळावयाचा नसतो. म्हणून जवानांनी तो अग्नीपूर्वी अलगद उचलला, घडी केली आणि वडिलांपुढे धरला. त्या शेतकऱ्यास कोणी काही शिकवले नव्हते. त्याने दोन्ही तळवे आपोआप पुढे केले. घरी परतल्यावर नात्यातील एक पोरगा कुतूहलाने ती उलगडू लागला, तेव्हा म्हातारा एवढेच म्हणाला, “राहू दे रे, घडी मोडू नको.” एरवी घडी मोडण्याची गोष्ट घरोघरी निघते ती सणासुदीला, नव्या वस्त्राविषयी. त्या दिवशी कोणासच पुढे काही बोलवले नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये संहितेत बदल होऊन यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. जुलै २०२२ पासून नागरिकांस आपल्या घरी ध्वज रात्रंदिवस फडकवता येतो. ध्वज घरोघरी आला, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र सूर्यास्तापूर्वी उतरवण्याचे बंधन गेले, तशी उतरवण्याची आठवणही जाऊ लागली आहे. सप्टेंबर उजाडला तरी गच्चीच्या कठड्यास विटलेल्या, फाटलेल्या चिंध्या लोंबताना आम्ही पाहतो. फाटका ध्वज लावू नये. तो एकांतात, शक्यतो अग्नीत, संपूर्ण नष्ट करावा, हाही नियमच आहे.

म्हणून गृहस्थ वाचकांस आमची एक विनंती आहे. ज्या मुलाच्या हातून ध्वज चढवाल, त्याच्याच हातून तो उतरवा. समोरचे टोक स्वतः धरा, घाई करू नका आणि अर्थही सांगत बसू नका. चक्र मध्यावर आले की नाही, तेवढे त्याला पाहू द्या. मग स्वच्छ वस्त्रात ती घडी कपाटात ठेवा. आपल्या भाषेत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली म्हणजे ती विसरली, असे समजतात. पण आमच्या वडिलांच्या काळी पोथी बासनात बांधीत, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडावयाची म्हणूनच.