आबांच्या सायकलचे क्रँक

मुलांनो, तुमच्या चाळीच्या जिन्याखाली किंवा गॅलरीच्या टोकाला एखादी जुनी सायकल नक्की असेल. सीटवर धुळीचा थर, चाकांत हवा नाही आणि पायडल ज्याला लावलेलं असतं तो लोखंडी दांडा गंजून तांबूस झालेला. या दांड्याला क्रँक म्हणतात. डावा एक, उजवा एक. आपण पाय मारतो ते बळ क्रँक घेतो, दातेरी चाकाला देतो आणि तिथून चेन ते मागच्या चाकापर्यंत नेते. एवढं काम करूनही बिचाऱ्याकडे कुणी बघत नाही. हँडल पुसतात, घंटी पुसतात, क्रँकच्या वाट्याला मात्र ग्रीस आणि चिखल!

आमच्या लालबागच्या चाळीत यंदा नोटीस लागली. गणपतीच्या आधी रंगकाम आहे, जिन्याखालचं सामान रविवारपर्यंत हलवा, नाहीतर भंगारात जाईल. जिन्याखाली आबांची सायकल होती. आबा म्हणजे माझे वडील. नोटीस वाचून ते एवढंच म्हणाले, "किलोवर घेईल भंगारवाला." आणि पेपर उघडून बसले. पेपराचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

आबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर कितीतरी जणांना पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही, त्यांत आबाही होते. मग त्यांनी ही सायकल घेतली, तीही जुनीच, आणि पहाटे लालबागपासून हिंदमातापर्यंत पाव पोचवू लागले. माझा जन्म त्यानंतरचा. माझ्या शाळेची फी, पुढे डी.एड.ची फी या दोन दांड्यांवरूनच आली म्हणा ना!

सायकल राहायची तर ती चालायला हवी. तेव्हा शनिवारची शाळा सुटल्यावर मी पदर खोचला. टायर-ट्यूब आणि ब्रेकचं काम कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने केलं. क्रँकही त्यानेच काढून दिले. जुन्या सायकलींचा क्रँक कॉटर नावाच्या तिरप्या खिळ्याने बसवलेला असतो. तो गंजला की असा घट्ट बसतो की ठोकताना आस वाकायची भीती, म्हणून ते काम जाणत्या हातांनीच करावं. जाता जाता एक गंमत सांगते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने सोडवायला जाल तर ते आणखी आवळलं जाईल!

आता पॉलिश. घरात समई चिंचेने लख्ख होते हे तुम्ही पाहिलंच असेल. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते धातूवरचा काळपटपणा विरघळवतं. मग क्रँकलाही चिंच चोळावी का? पाच-दहा मिनिटं चालेल, पण लगेच धुऊन कोरडा करायला हवा. रात्रभर भिजत ठेवलात तर आम्ल गंजाबरोबर चांगलं लोखंडही खाईल. आणि बाथरूमच्या ॲसिडला हात लावायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा. त्याची वाफ छातीत जाते.

मी आधी साबण आणि जुन्या टूथब्रशने ग्रीस काढलं. ग्रीस असताना घासलं तर नुसता काळा लगदा होतो. मग डब्यात पोळी गुंडाळतो तो चांदीसारखा कागद चुरगळून पाण्यात बुडवला आणि त्याने घासलं. हा कागद ॲल्युमिनियमचा. क्रँकवरच्या क्रोमपेक्षा ॲल्युमिनियम मऊ, म्हणून क्रोमला चरा पडत नाही आणि गंज मात्र निघतो. क्रोमचा तो थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! खाली निकेलचा जाड थर असतो. दोन्हींना भोक पडलं की आपल्या समुद्राची खारी हवा थेट लोखंडाला गाठते.

जिथे क्रोम उडालं होतं तिथे वॉटरपेपर लागला. आधी ४००चा, मग ८००, मग १२००, पाण्यात भिजवून. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. दर वेळी आधीच्या चऱ्यांना आडवं घासायचं. जुने चरे पुरते मिटले की पुढचा कागद घ्यायचा. घाई केलीत तर चकाकीच्या आतून ते चरे डोकावतात. चकाकी येते ती तरी कशामुळे? चरे मोठे असले की प्रकाश दाही दिशांना विखुरतो. ते फार बारीक झाले की तो एका दिशेने परततो आणि दांड्यात आपलं नाक दिसू लागतं. शेवटी जुन्या बनियनच्या फडक्याने मेटल पॉलिश. (गिअरच्या सायकलींचे बरेच क्रँक ॲल्युमिनियमचे असतात. ते घासताना फडकं काळं होतं तो मळ नव्हे, ॲल्युमिनियमच!)

दोन तास झाले असतील. आबा शेजारी स्टूल घेऊन बसले होते. उजव्या क्रँकवर एका जागी क्रोम झिजून गुळगुळीत खळगा पडला होता. मी ८००चा कागद तिथे टेकवणार तोच ते म्हणाले, "ते राहू दे गं. तिथे माझी टाच घासायची." मी कागद बाजूला ठेवला. तेवढ्या जागेवर नुसता तेलाचा हात फिरवला, नाहीतर पावसाळ्यात दोन दिवसांत गंज परत यायचा. म्हणून बाकीच्या उघड्या लोखंडालाही तेल लावलं.

तुम्ही वरळीला गेलात तर हिंद सायकलच्या नावाचा रस्ता दिसेल. तिथे खरोखरच सायकलींचा कारखाना होता. १९८० साली संसदेने कायदा करून तो सरकारी केला. आता कारखाना नाही, नाव तेवढं आहे. आमची सायकल त्या कारखान्यातली नाही, पण तिथून जाताना आबा पाटी वाचतातच.

रविवारी सायकल जिन्याखालून निघाली आणि आमच्या गॅलरीत आली. माझा भाचा आठवीत आहे. सकाळी गर्दी नसते तेव्हा तो गरमखाड्याच्या मैदानापर्यंत ती नेतो. परत आला की आबा फडकं पुढे करतात, "आधी क्रँक पूस, मग चहा पी."