घोडा नवा, ट्रेलर जुना

ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात. २०२० साली बीएस-६ हे धुराचं मानक आलं आणि सुरतेच्या रस्त्यांवरचे घोडे एकदम हुशार झाले. डॅशवर हवेचा दाब दिसतो, एबीएसची तक्रार दिसते, इंजिनाचं दुखणं कोडमध्ये वाचता येतं. पूर्वी हजिऱ्याहून धुळ्याकडे मी पोलादाच्या कॉइल ओढायचो. आता पोरांना गाडी शिकवतो. उधना-लिंबायतमधली, मूळची शिरपूर-शहाद्याकडची ही पोरं मला नाना म्हणतात आणि नव्या केबिनमध्ये बसल्याबसल्या विचारतात, "नाना, डॅशवर एकही दिवा नाही, म्हणजे सगळं बरोबर ना?"

"घोड्याचं बरोबर आहे," मी म्हणतो. "ट्रेलरला विचारलंस का?"

घोडा मोठ्या कारखान्यातून येतो. ट्रेलर बऱ्याचदा एखाद्या बॉडीबिल्डरच्या शेडमध्ये वेल्डिंग होऊन येतो आणि घोडे बदलत गेले तरी तोच चालू राहतो. घोड्यातल्या सगळ्या तंत्रज्ञानाची हद्द केबिनमागच्या जोडापाशी संपते. एक पिन, दोन हवेचे पाइप आणि वायरी यांतून जेवढं पलीकडे जातं, तेवढंच ट्रेलरला कळतं. म्हणून माझी शिकवणी स्टिअरिंगवर सुरू होत नाही. ती खाली, घोड्याच्या पाठीवरच्या, ग्रीसने माखलेल्या जबड्याच्या प्लेटपाशी, म्हणजे फिफ्थ व्हीलपाशी सुरू होते.

ट्रेलरची किंगपिन साधारण दोन इंच जाडीची. सगळा ओढा तिच्यावर. घोडा मागे घेताना ट्रेलरची प्लेट किंचित खाली हवी, म्हणजे घोडा तिला उचलत आत शिरतो. ती उंच राहिली, तर पिन जबड्यावरून सरकते आणि जोड लागल्यासारखा भासतो. "खट्ट" आवाजावर विसंबू नये. बॅटरी घेऊन वाकायचं. जबडा पिनेमागे मिटलाय का, दोन प्लेटांत फट नाही ना, ते डोळ्यांनी पाहायचं. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून पहिल्या गिअरात घोडा हलकेच पुढे ओढायचा. तो जागचा हलला नाही, तरच ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायचे.

हवेच्या दोन पाइपांचे स्वभाव वेगळे. लाल पाइपातून ट्रेलरच्या टाकीत हवा भरते. तो तुटला की ट्रेलर तिथल्या तिथे लॉक होतो. गैरसोय होते, पण बिघाड लपत नाही. पिवळ्या पाइपातून पायाच्या ब्रेकचा हुकूम मागे जातो, आणि एरवी तो रिकामाच असतो. तो फाटलेला असेल तर गाडी खुशाल चालते. कळतं ते ब्रेक दाबल्यावर. म्हणून निघण्याआधी एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने मागे फिरत फुसफुस ऐकायची. डॅशवरचा काटा हे काम पुरतं करत नाही.

एबीएसचंही तसंच. २०१५ पासून नव्या जड ट्रकांना चाकं लॉक होऊ न देणारी ही यंत्रणा सक्तीची झाली. पण घोड्याचं एबीएस घोड्याच्याच चाकांपुरतं. ट्रेलरला स्वतःचं हवं, त्याची केबल जोडलेली हवी. कित्येकदा ती केबल केबिनमागे तशीच लोंबत असते. अशा जोडीला कचकन ब्रेक लागला की घोड्याची चाकं फिरत राहतात, ट्रेलरची घसटत जातात आणि त्याचं शेपूट शेजारच्या लेनमध्ये येतं.

याची खरी परीक्षा धुळ्याच्या वाटेवरच्या कोंडाईबारीच्या घाटात. सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत भरलेली गाडी घाट चढते, तेव्हा इंजिनाचा कस लागतो. परतताना बहुधा ट्रेलर रिकामा, उतार, आणि पावसाळ्यात ओला रस्ता. पोरांना वाटतं, रिकामी गाडी म्हणजे आराम. रिकाम्या ट्रेलरची चाकं रस्त्याला नीट चिकटत नाहीत, जरा जोरात ब्रेक लागला की लॉक होतात. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबावं, तर तो ब्रेक फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना धरतो. ओल्यात तीच चाकं सुटली की ट्रेलर मागून रेटतो आणि गाडी चाकूसारखी मिटते. जे बटण भरल्या गाडीला वाचवतं, तेच इथे घात करतं. त्यामुळे उतार लागण्याआधीच वेग पाडायचा, खालचा गिअर घ्यायचा आणि ब्रेकला हात-पाय हलका ठेवायचा.

२०१८ साली केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली. घोडा-ट्रेलर मिळून ४९ टनांवरून ५५ टनांपर्यंत नेता येऊ लागले. वेगाचं गणित त्याहून कठोर. चाळिसावरून साठावर गेलं की वेग दीडपट होतो, पण ब्रेकला गिळावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. कुठलाही सेन्सर हा हिशेब कमी करून देत नाही.

हजिऱ्यात याहून मोठी ओझी बनतात. फ्रान्समधल्या आयटर या अणुसंलयन प्रकल्पाच्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या पोलादी निर्वात पात्राचे, भाग इथेच घडले. त्याचा १,२५० टनांचा तळ २०२० साली तिथे बसवला गेला. असे अवाढव्य नग हायड्रॉलिक अ‍ॅक्सलवर हलतात. रस्त्याने न्यायचे असतील तर पुढे घोडे ओढायला आणि उतारावर एक मागे, धरून ठेवायला. ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, वॉकीटॉकीवर बोलतात. तिथे पिन आणि पाइपांइतकाच तो आवाजही जोडाचा भाग असतो. गाड्या चालतात माणसाच्या पावलांनी, आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही.

साध्या ट्रेलरवर मात्र घाई असते. नव्या घोड्याला हार घालून नारळ फोडतात. ट्रेलरच्या ब्रेक लायनरचा खर्च पुढच्या महिन्यावर जातो. म्हणून शिकून निघणाऱ्या पोराला मी एवढंच सांगतो: नोकरी धरताना घोडा कुठल्या कंपनीचा ते विचारू नकोस, ट्रेलरचे ड्रम शेवटचे कधी उघडले ते विचार. मालकाला सांगता आलं नाही, तर दुसरा मालक बघ. सुरतेत ड्रायव्हरला काम कमी नाही.